ग्राफिक्स कार्ड नवं घातलं, तरी अनरियल एडिटर अडकतोच? आधी हे तपासा

हौसेने गेम बनवणाऱ्यांची एक तक्रार वर्षभर फिरून फिरून कानावर येते. अनरियल या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट जरा मोठा झाला की एडिटर मध्येच अडकतो, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं, कधी सगळंच बंद पडतं. मग पैसे साठवून नवं ग्राफिक्स कार्ड येतं. थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रात्रीचे दोन तास काढणाऱ्या माणसाचे पैसे भलत्याच भागावर खर्च झालेले पाहवत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गेम खेळताना भार मुख्यतः कार्डावर येतो. बनवताना तसं नसतं. एडिटर उघडा, शेजारी कोड लिहायचा व्हिज्युअल स्टुडिओ, मागे थ्रीडी मॉडेलचा ब्लेंडर, ब्राउझरमध्ये ट्यूटोरियल, आणि त्यात कंपाइल (लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणं) सुरू. हे सगळे आधी रॅम मागतात. अनरियल बनवणाऱ्या एपिकने अनरियल ५ साठी जी शिफारस दिली आहे ती नीट वाचा: प्रोसेसर चार कोअरचा, २.५ गिगाहर्ट्झचा चालेल असं म्हटलंय, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) ८ जीबी, पण रॅम ३२ जीबी. आपल्याकडे असेंबल केलेले बहुतेक पीसी याच्या बरोबर उलटे असतात. प्रोसेसर दणकट, कार्ड दणकट आणि रॅमची १६ जीबीची एकच स्टिक.

अडकतं नेमकं केव्हा?

विकत काही घेण्याआधी एवढं एकच लिहून काढा: मशीन कुठल्या क्षणी अडकतं? प्रोजेक्ट उघडताना? कंपाइल करताना? खाली कोपऱ्यात ‘कंपायलिंग शेडर्स’चा आकडा उतरत असताना (शेडर म्हणजे पडद्यावरचा रंग-प्रकाश काढणारे कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम)? प्ले दाबल्यावर? की नुसता कॅमेरा फिरवताना? ‘अनरियल स्लो आहे’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. कॅमेरा फिरवताना अडकत असेल तर बहुधा कार्ड, कंपाइलच्या वेळी अडकत असेल तर रॅम किंवा प्रोसेसर, उघडायलाच दहा मिनिटं लागत असतील तर डिस्क. ढोबळ आहे, पण सुरुवात इथूनच होते.

आता टास्क मॅनेजर उघडा. पण त्याआधी अनरियलच्या एडिटर प्रेफरन्सेसमधलं ‘यूज लेस सीपीयू व्हेन इन बॅकग्राउंड’ बंद करा. हे सुरू असलं की एडिटरवरून दुसऱ्या खिडकीत गेल्याबरोबर तो आपला वेग अगदी खाली आणतो. म्हणजे तुम्ही टास्क मॅनेजर बघायला जाता आणि त्याच क्षणी जीपीयूचा आलेख झोपतो. “कार्ड तर १० टक्केच चालतंय” हा निष्कर्ष कित्येकदा यातूनच निघतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा. शिवाय विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली अनरियल एडिटरला ‘हाय परफॉर्मन्स’ दिलंय का तेही बघा. एडिटर बिचारा इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर चालतोय आणि वेगळं कार्ड आत नुसतं बसून आहे, असंही होतं.

रॅम: ‘इन यूज’ नको, ‘कमिटेड’ बघा

मेमरीच्या पानावर सगळे ‘इन यूज’चा आकडा वाचतात. १६ पैकी १३ दिसले की वाटतं अजून ३ शिल्लक आहेत. खरी गोष्ट त्याच्या खालच्या ‘कमिटेड’ या आकड्यात असते. तिथे दोन संख्या दिसतात. पहिली म्हणजे सगळ्या प्रोग्रॅम्सना मिळून विंडोजने जेवढ्या मेमरीचा शब्द दिलाय ती, आणि दुसरी म्हणजे रॅम अधिक पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) मिळून जेवढी द्यायची ऐपत आहे ती. पहिली संख्या तुमच्या खऱ्या रॅमच्या बरीच वर गेली, की विंडोज रॅममधला ऐवज डिस्कवर हलवायला लागतं. एडिटर अडकतो तो तिथे. आणि ती दुसऱ्या संख्येला टेकली, की प्रोग्रॅम कोसळतात.

ओळखीतल्या एका मुलाच्या पीसीवर हेच झालं होतं. रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम. ४ जीबीचं जीटीएक्स १६५० काढून त्याने १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० घातलं होतं. व्ह्यूपोर्ट (एडिटरमधली सीन दाखवणारी चौकट) सुरेख पळत होता. पण सी प्लस प्लसचा एक क्लास बदलून बिल्ड केलं की माउससुद्धा हलेना. बिल्ड चालू असताना ‘कमिटेड’ बघितलं तर २७ च्या वर, मर्यादा २९ ची, आणि डिस्कचा आलेख १०० टक्क्यांवर चिकटलेला. मग आउटपुट लॉग उघडला. वरच्या काही ओळींतच अनरियल बिल्ड टूलने स्वच्छ लिहून ठेवलं होतं: प्रत्येक कामाला १.५ जीबी मोकळी मेमरी हवी, मोकळी आहे ती अमुक इतकी, म्हणून एका वेळी फक्त दोनच कामं चालवतो. सहा कोअरचा प्रोसेसर आणि त्यावर दोन कामं! बाकीचे चार कोअर रॅमअभावी रिकामे. त्याच्या मनात पुढची खरेदी आठ कोअरच्या प्रोसेसरची होती. तो घेतला असता तर चाराच्या जागी सहा कोअर रिकामे राहिले असते, इतकाच फरक.

‘लिमिटिंग मॅक्स पॅरलल ॲक्शन्स’ ही ओळ तुमच्या लॉगमध्ये आहे का, ते आधी बघा. असेल तर बाकी काहीही वाचण्याआधी रॅम वाढवा. आठ कोअर भरून चालवायचे तर नुसत्या कंपाइललाच १२ जीबी लागतात, एडिटर आणि विंडोज वेगळे. ३२ जीबीचा आकडा काही हवेतून आलेला नाही.

याच दुखण्याची आणखी एक खूण म्हणजे कंपायलरची सी ३८५९ किंवा सी १०७६ ही एरर. वाचून वाटतं की कोडमध्ये चूक आहे, आणि माणूस रात्रभर हेडर फाइली उचकत बसतो. बहुतेक वेळा कंपायलरला व्हर्च्युअल मेमरी पुरलेली नसते, एवढंच. सी ड्राइव्ह भरत आला असेल तर पेजफाइलला वाढायला जागा उरत नाही. कुठल्या तरी जुन्या व्हिडिओचं ऐकून पेजफाइल बंद किंवा छोटी करून ठेवली असेल तरी हेच होतं. ती ‘सिस्टम मॅनेज्ड’वर ठेवा, एसएसडीवर ठेवा आणि ड्राइव्हवर ऐसपैस जागा मोकळी ठेवा. रॅम घ्यायला महिना-दोन महिने थांबायचं असेल तर तोवर एवढ्यावर निभतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे पुष्कळांना थांबावं लागतंय हे मला ठाऊक आहे. बिल्ड करताना ब्लेंडर आणि ब्राउझर बंद ठेवले तरी लॉगमधला ‘दोन’चा आकडा तीन-चारवर जातो. बघा करून.

रॅम घ्यायची ठरली तर टास्क मॅनेजरमध्येच ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. १ ऑफ २ असेल तर एकच स्टिक आहे आणि मशीन सिंगल चॅनेलवर, म्हणजे मेमरीच्या एकाच वाटेने, चालतंय. शक्य तर जुळी जोडी घ्या. निदान तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी स्टिक शोधा. इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर काम करणाऱ्यांनी तर हे आधी करावं, कारण ते ग्राफिक्स सिस्टमचीच रॅम वापरतात आणि दुसऱ्या स्टिकने त्यांचा वेग डोळ्यांना दिसेल इतका वाढतो. डीडीआर ४ ची स्टिक डीडीआर ५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाच वेगळी असते. कुठली आहे ते सीपीयू-झेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये दिसतं. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा मार्गच बंद.

लाल अक्षरं आणि व्हीरॅम

‘टेक्स्चर स्ट्रीमिंग पूल ओव्हर बजेट’ ही लाल ओळ व्ह्यूपोर्टवर आली की नवी मंडळी घाबरतात आणि कार्डाच्या किमती बघायला लागतात. ही ओळ कार्ड भरल्याची नसते. अनरियलने टेक्स्चरसाठी (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांसाठी) जो वाटा स्वतःच ठरवून ठेवलाय तो ओलांडला गेला, एवढंच ती सांगते. १२ जीबीच्या कार्डावरही ती येऊ शकते. कन्सोलमध्ये (एडिटरमधली आज्ञा टाइप करायची चौकट) ‘आर डॉट स्ट्रीमिंग डॉट पूलसाइझ’ वाढवून बघा आणि त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ किती भरली तेही बघा. तिथे जागा असेल तर प्रश्न मिटला. डेडिकेटेड काठोकाठ भरून ‘शेअर्ड’चा आलेख चढायला लागला असेल, तर मात्र व्हीरॅम खरंच कमी पडतेय.

तेव्हाही आधी तुमची टेक्स्चर्स उघडून बघा. फॅबवरून (एपिकचं पूर्वीचं मार्केटप्लेस) आणलेल्या पॅकमधल्या एखाद्या मडक्याला ४के टेक्स्चर असतं. खेळताना ते मडकं पडद्यावर बोटभर दिसतं. ‘मॅक्झिमम टेक्स्चर साइझ’ १०२४ केला तर कोणालाही फरक कळत नाही. तुमचा गेम उद्या ज्यांच्या मशीनवर चालायचा आहे, त्यांच्याकडे कुठे १२ जीबीचं कार्ड असणार आहे?

‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’, आणि दोष प्रोसेसरचा

हा प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण इथे एरर सरळसरळ दिशाभूल करते. ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी ट्राइंग टू अलोकेट अ रेंडरिंग रिसोर्स’ असं येऊन अनरियल बंद पडतं, कार्डात मात्र जागा भरपूर असते. तुमच्याकडे इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्या. या पिढ्यांतल्या, विशेषतः वरच्या श्रेणीतल्या प्रोसेसरांमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. शेडर तयार करताना किंवा दाबून ठेवलेला डेटा उलगडताना सगळे कोअर एकदम कामाला लागतात. तिथे प्रोसेसरकडून एखादा आकडा चुकला की अनरियल कोसळतं, आणि नाव येतं कार्डाचं.

इथे मदरबोर्डच्या साइटवरून नवा बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) टाकणं हे पहिलं काम. त्यात ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. एवढं करूनही तीच एरर येत राहिली तर प्रोसेसर आधीच खराब झालेला असू शकतो. बायोस टाकून तो बरा होत नाही, तेव्हा वॉरंटीत बदलून मागा. नवं कार्ड घेऊन इथे दमडीचा उपयोग नाही.

एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करून रॅम जास्त वेगाने चालवत असाल तर तेही एकदा बंद करून बघा. रॅम तपासणारा मेमटेस्ट ८६ रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी ती रॅम, निदान त्या वेगाला, भरवशाची नाही.

‘डिव्हाइस रिमूव्ड’ किंवा ‘डी३डी डिव्हाइस लॉस्ट’ हे अजून निराळं. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. एखादा जड सीन पहिल्यांदा उघडताना दोन सेकंद सहज उलटतात. रजिस्ट्रीत ‘टीडीआर डिले’ वाढवण्याचा उपाय एपिकच्या कागदपत्रांतच दिलाय, ६० सेकंदांचा. मशीन जुनं असेल तर खरेदीआधी हा करून बघा.

कॅमेरा फिरवताना झटके

कन्सोलमध्ये ‘स्टॅट युनिट’ टाइप करा. फ्रेम, गेम, ड्रॉ आणि जीपीयू असे आकडे मिलिसेकंदांत येतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या तर फ्रेमचा आकडा १६.६७ च्या आत हवा. जीपीयूचा आकडा फ्रेमच्या आकड्याला लागून असेल तर कार्ड मागे पडतंय. खात्री करायला ‘आर डॉट स्क्रीनपर्सेंटेज ५०’ द्या. चित्र धूसर होऊन वेग एकदम वाढला तर कार्डच. तरीही लगेच दुकानात धावू नका. अनरियल ५ चा नवा प्रोजेक्ट ल्युमेन ही प्रकाशाची जड पद्धत लावूनच येतो. एडिटरमधली स्केलेबिलिटी ‘मीडियम’वर आणली की ल्युमेन बंद होतं. गेमप्लेचा कोड लिहिताना ल्युमेनची गरजच काय? प्रकाशयोजनेला बसाल तेव्हा ‘एपिक’वर न्या.

गेमचा आकडा (गेमचं लॉजिक प्रोसेसरवर चालायला लागणारा वेळ) मोठा असेल तर मात्र कुठलंच कार्ड कामाचं नाही. ब्लूप्रिंटमध्ये (अनरियलचं चौकटी जोडून करायचं कोडिंग) ‘इव्हेंट टिक’वर दर फ्रेमला ‘गेट ऑल ॲक्टर्स ऑफ क्लास’, म्हणजे सगळ्या सीनमध्ये वस्तूंचा शोध, चालू असेल, ते शोधा. टास्क मॅनेजर इथे फसवतो, कारण १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण दमलेला असला तरी एकूण टक्केवारी आठच्या आसपासच दिसते. “सीपीयू तर मोकळाच आहे” असं वाटतं ते यामुळे.

डिस्क

प्रोजेक्ट हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा, यावर चर्चाच नको. एक जागा मात्र हमखास राहून जाते. अनरियलचा डिराइव्ह्ड डेटा कॅश (शेडर, टेक्स्चर वगैरे एकदा तयार करून ठेवल्याचा साठा) प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नसतो, तो सी ड्राइव्हवर युजरच्या ॲपडेटात असतो आणि चांगला फुगतो. सी ड्राइव्ह जुन्या छोट्या एसएसडीचा असेल तर तो भरतो, आणि मग वर सांगितलेलं पेजफाइलचं दुखणंही सुरू होतं. कॅश दुसऱ्या एसएसडीवर वळवा. विंडोज डिफेंडरमध्ये प्रोजेक्टचं आणि कॅशचं फोल्डर वगळलं की बारीक फाइलींची उघडझाप बरीच हलकी होते. फक्त बाहेरून आणलेली फाइल आधी तपासून मगच त्या फोल्डरमध्ये टाका.

साध्या साटा एसएसडीवरून त्याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर गेल्याने एडिटरमध्ये फार मोठा फरक जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर गेलं तर जाणवतो. त्यामुळे बजेट तुटपुंजं असेल तर वेगापेक्षा जागा घ्या.

उन्हाळा आणि यूपीएस

डिसेंबरात नीट चालणारं मशीन एप्रिल-मेमध्येच अडकत असेल, तर उत्तर कॅबिनेटच्या आत आहे. विदर्भात, खानदेशात खोलीच चाळिशीला पोचते आणि कंपाइलचा भार सगळ्या कोअरवर सलग पडतो. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’पुढे (तापल्यामुळे वेग कमी करणं) ‘येस’ आहे का बघा. असेल तर धूळ झाडा, पेस्ट बदला, बरा कूलर घ्या. प्रोसेसर आहे तोच, पण त्याचा सगळा वेग परत मिळतो.

मशीन अडकत नाही, थेट बंद पडून पुन्हा सुरू होतं, असं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसेल. त्याचा अर्थ मशीन नीट बंद न होता गेलं, एवढाच. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएस दोन्ही तपासा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॅटचं आहे. त्यावर प्रोसेसर आणि मॉनिटर धरले की लाइट गेल्याच्या क्षणी यूपीएसही मान टाकतो, आणि सेव्ह होत असलेली लेव्हलची फाइल खराब होते. नव्या कार्डाच्या खर्चात यूपीएसचा खर्च आधीच धरा. आणि गिट (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) वापरा, एकट्याचा प्रोजेक्ट असला तरी. मोठ्या फाइलींसाठी त्यात एलएफएसची सोय आहे.

युनिटी आणि गोडो

युनिटी आणि गोडो ही अनरियलसारखीच गेम बनवायची सॉफ्टवेअरं. युनिटीत प्ले दाबल्यावर किंवा स्क्रिप्ट सेव्ह केल्यावर जो ‘रीलोडिंग डोमेन’चा फिरता पट्टा येतो, तो कार्डाशी अजिबात निगडित नाही. ‘एंटर प्ले मोड सेटिंग्ज’मध्ये डोमेन रीलोड बंद करा (मग स्टॅटिक व्हेरिएबल स्वतः पुसावे लागतात, हे लक्षात असू द्या) आणि कोड असेंब्ली डेफिनिशनमध्ये (वेगवेगळ्या कंपाइल होणाऱ्या तुकड्यांत) विभागा. गोडोमध्ये टूडी गेम करत असाल आणि मशीन जुनं असेल तर रेंडरर ‘कंपॅटिबिलिटी’वर न्या. तो ओपनजीएलवर चालतो आणि इंटिग्रेटेड ग्राफिक्सवरही निभावून नेतो. टूडी गेमसाठी कार्ड घ्यायचा विचार मनात असेल तर तो आधी काढून टाका.

घ्यायचंच ठरलं तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, जाण्याआधी मदरबोर्डचं पूर्ण नाव लिहून घ्या. बी ४५० च्या कित्येक बोर्डांवर रायझन ५००० चालतो, पण आधी बायोस अपडेट करावा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचा. ‘एम डॉट टू’चा स्लॉट दिसला म्हणून तो एनव्हीएमईचाच असेल असं नाही, काही नुसते साटाचे असतात. कार्ड घेताना आपला बोर्ड पीसीआयई ३ चा (कार्डाच्या स्लॉटची जुनी, संथ पिढी) आहे का ते बघा. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं आणि ४ जीबीचं कार्ड जुन्या बोर्डावर फार मार खातं, स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. एसएमपीएस बदलायची तयारी नसेल आणि कार्ड हवंच असेल, तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० साधारण ७० वॅटचं आहे आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही.

नवा भाग बसवण्याआधी एक ठराविक काम घड्याळ लावून करा: प्रोजेक्ट उघडणं, पूर्ण रीबिल्ड, प्ले दाबल्यापासून पात्र हलेपर्यंत. वेळ वहीत लिहा, सोबत ‘कमिटेड’ आणि ‘डेडिकेटेड’चे आकडे. बसवल्यावर तेच काम पुन्हा करा, तेही बदलून किंवा परत करायची मुदत संपायच्या आत. रीबिल्डच्या वेळेत फरक पडला नाही, तर लॉगमधली पॅरलल ॲक्शन्सची ओळ पुन्हा वाचा. रॅम वाढवली असेल आणि आकडा तरीही वाढला नसेल, तर नवी स्टिक बहुधा नीट बसलेली नाही. मशीन बंद करा, वायर काढा, दोन्ही बाजूंनी खटका ऐकू येईपर्यंत ती दाबून बसवा.